झाडांचा पोकळ गाभा ध्वनीवरून कसा ओळखावा

बीड जिल्ह्यांतील श्रीक्षेत्र नारायणगड हें नगद नारायण महाराजांचें स्थान 'धाकटी पंढरी' या नांवानें मराठवाड्यांत घरोघरीं ठाऊक आहे. आषाढीसाठीं गडावरून पालखी पंढरपुरास जाते. एरव्हींही दर्शनास येणाऱ्यांची वर्दळ असते. यांपैकीं ज्यांस वाटेंत ऊन लागतें अथवा वळवाचा पाऊस गांठतो, ते सर्व जवळच्या झाडाखालीं थांबतात. बालाघाटाच्या या उघड्या माळांवर लिंब, चिंच, वड आणि पिंपळ हीच वाटसरूंची धर्मशाळा होय. ज्या झाडाचा आपण एवढा आसरा घेतों, तें आंतून धड आहे कीं नाहीं, हें मात्र आपण क्वचितच पाहतों.

न पाहिल्याचा परिणाम काय होऊं शकतो, याचें एक दुःखद उदाहरण आपल्याच राज्यांत घडलें आहे. ता. ९ एप्रिल २०२३ रोजीं सायंकाळीं अकोला जिल्ह्यांतील पारस या गांवीं बाबूजी महाराजांच्या मंदिरापाशीं भाविक जमले होते. वादळी पाऊस सुरू झाला म्हणून मंडळी पत्र्याच्या छपराखालीं आश्रयास गेली, आणि शेजारचा जुना लिंब उन्मळून त्याच छपरावर आला. सात जण मृत्यु पावले व पुष्कळ जखमी झाले. वादळ कोणास थांबवितां येत नाहीं. परंतु ज्या झाडाखालीं माणसें बसतात, त्याची परीक्षा वादळापूर्वीं करणें आपल्या हातीं आहे.

अशी एखादी वार्ता ऐकली म्हणजे लोकांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, जुनीं झाडें सरसकट तोडून टाका. दुसरा म्हणतो, देवाचें झाड आहे, त्यास हात लावूं नका. आमच्या मतें दोन्ही पक्ष न पाहतां निकाल देतात. मडकें विकत घेतांना आपण तें टिचकीनें वाजवून घेतों. झाडासही तोच न्याय लावावा. झाड वाजवून पाहण्याची जुनी रीत व तिचेंच सुधारलेलें रूप असलेलें यंत्र, या दोहोंची माहिती प्रस्तुत पाठांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. हिरव्या झाडाचा गाभा कां कुजतो?

गेल्या माघांत आम्ही नारायणगडाच्या पायथ्याशीं एका शेतकरी बांधवाच्या बांधावरील जुनी चिंच पाहण्यास गेलों होतों. झाड शेंगांनीं लगडलेलें होतें व फळांचा मक्ता व्यापाऱ्यास दिलेला होता. आठ दिवसांनीं झोडपणारे गडी वर चढणार होते. खोडाविषयीं आम्हीं शंका काढतांच तो वृद्ध गृहस्थ म्हणाला, "पानं तर हिरवीगार हायेत, मंग झाड आतून गेलं असं कसं म्हणावं?"

हा प्रश्न अगदीं स्वाभाविक आहे, व त्याचें उत्तर झाडाच्या रचनेंत आहे. झाडाचा वाढणारा जिवंत थर सालीच्या लगत, अत्यंत पातळ असा असतो. त्याच्या आंत पांढरें लाकूड असतें; मुळांनीं घेतलेलें पाणी त्यांतून वर चढतें. त्याहून आंत असतो तो काळपट गाभा. गाभ्यांतील पेशी मेलेल्या असतात. तो पाणी वाहत नाहीं, अन्न करीत नाहीं, केवळ खांबाप्रमाणें भार सोसतो. त्यामुळें गाभा पार कुजून गेला तरी पानांस पाणी मिळतच राहतें आणि झाड हिरवें दिसतें. 'मोठें घर, पोकळ वासा' ही म्हण माणसांपेक्षां झाडांस अधिक लागू पडते.

कूज बहुधा जखमेंतून आंत शिरते. मोडलेली फांदी, कुऱ्हाडीचा घाव, नांगराच्या फाळानें फाटलेलें मूळ, बुंध्याशीं पेटविलेला पाला, दिव्यांच्या माळेसाठीं ठोकलेले खिळे, यांपैकीं कोणतीही वाट बुरशीस पुरते. लाकडांत मुख्यतः दोन द्रव्यें असतात. एक चिवट धाग्यांचें, ज्यास सेल्युलोज म्हणतात. दुसरें त्या धाग्यांस घट्ट धरून ठेवणारें, ज्यास लिग्निन म्हणतात. कांहीं बुरशा लिग्निन फस्त करतात, तेव्हां लाकूड पांढुरकें व स्पंजासारखें होतें. कांहीं सेल्युलोज खातात, तेव्हां तें तपकिरी होऊन विटेच्या चुऱ्याप्रमाणें चुरतें. दोहोंचा शेवट एकच : ढोली.

झाड मात्र स्वस्थ बसत नाहीं. अमेरिकेंतील वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनीं हजारों खोडें उभीं चिरून असें दाखविलें कीं झाडाची जखम माणसाच्या जखमेप्रमाणें भरून येत नाहीं. झाड बिघडलेल्या भागाभोंवतीं भिंती घालून त्यास कोंडून टाकतें, आणि बाहेरून नवें लाकूड चढवीत राहतें. त्यांची ही उपपत्ति १९७७ सालीं प्रसिद्ध झाली. तिचें आपल्या कामापुरतें सार असें कीं, ढोली व धड लाकूड यांमधील ही भिंत झाडानें मोठ्या कष्टानें बांधलेली असते, व ती माणसानें खरवडून फोडूं नये.

२. डोळ्यांनीं करावयाची परीक्षा

कोणतेंही साधन हातीं घेण्यापूर्वीं झाडाभोंवतीं दोन प्रदक्षिणा घालाव्या. एक दुरून, एक जवळून. दुरून शेंडा पाहावा. शेंड्याकडील डहाळ्या वाळल्या आहेत काय, झाड अलीकडे एका बाजूस कलूं लागलें आहे काय, एकाच बाजूस जड फांदी वाढली आहे काय, हें ध्यानांत घ्यावें. जवळून पुढील खुणा शोधाव्या :

(अ) बुंध्यावर अथवा उघड्या मुळांवर फळीसारखें टणक अळंबें. गॅनोडर्मा जातीचें तपकिरी, चकचकीत अळंबें बुंध्याशीं दिसलें, तर मूळ व बुंधा कुजत असल्याची ती मोठी खूण समजावी. अळंबें काढून टाकल्यानें रोग जात नाहीं, केवळ खूण नाहींशी होते.

(आ) मोडक्या फांदीच्या जागीं पडलेलें भोंक, त्यांतून झिरपणारें काळें पाणी, किंवा लाकडाचा भुसा.

(इ) सालीवरील उभी भेग, अथवा खोडास एखाद्या जागीं आलेला असाधारण फुगवटा. आंतील कमकुवतपणा झांकण्यासाठीं झाड त्या जागीं अधिक लाकूड चढवितें, म्हणून असा फुगवटा येतो.

(ई) एका बाजूची माती उचललेली, किंवा मुळांपाशीं जमिनीस पडलेली नवी चीर. हें लक्षण दिसल्यास पुढील परीक्षेची वाट न पाहतां झाडाखालचा वावर तत्काळ बंद करावा.

येथें पारासंबंधीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. वड-पिंपळांभोंवतीं पार बांधण्याची आपली चाल फार चांगली. परंतु अलीकडे सिमेंटचा पार खोडास अगदीं चिकटवून व आंत हातभर भर घालून बांधतात. बुंधा जेथें मुळांत पसरतो, ती जागा उघडी राहिली पाहिजे. ती मातीखालीं दडपली गेली कीं साल सतत ओली राहते, मुळांस हवा मिळत नाहीं, आणि कूज कोणाच्या दृष्टीस न पडतां वाढते.

३. मोगरीचा ठोका

आतां ध्वनीकडे वळूं. लाकडी मोगरी घेऊन खोडावर गुडघ्याइतक्या उंचीपासून आरंभ करावा, आणि वीत वीत अंतरानें वर्तुळांत ठोकत जावें. एक फेरी पुरी झाली कीं वीतभर वर सरकून दुसरी करावी. धड लाकूड भरीव, आखूड व टणक आवाज देतें. पोकळ जागीं आवाज ढोलासारखा घुमतो. जेथें पोकळी अद्याप झालेली नाहीं पण लाकूड मऊ पडलें आहे, तेथें आवाज बद्द येतो. जेथें आवाज बदलतो तेथें खडूनें खूण करावी. सर्व खुणा जोडल्या म्हणजे आंतील बिघाडाचा ओबडधोबड नकाशा खोडावरच उमटतो.

ही परीक्षा वारा पडलेला असतांना, शक्यतों सकाळीं करावी. साल सुटलेली असेल तर सालच खडखडते व कान फसतो, यासाठीं सैल साल आधीं ओळखून ठेवावी. आपण प्रथम एखादें निश्चित धड असलेलें त्याच जातीचें झाड वाजवून कानास सवय लावावी, हें उत्तम.

त्या चिंचेस आम्हीं असेंच वाजविलें. पूर्वेकडून आवाज खणखणीत आला. पश्चिमेकडे मात्र गुडघ्यापासून छातीपर्यंत तो घुमूं लागला, व ज्या बाजूस घुमत होता, त्याच बाजूस सर्वांत जड फांदी पसरली होती. मोडक्या फांदीच्या भोंकांतून बांबूची बारीक कामटी आंत सोडली, ती दीड हात गेली. वृद्ध गृहस्थ कांहीं वेळ कामटीकडे पाहत राहिला आणि मग एवढेंच म्हणाला, "पोरं वर चढली असती." त्या वर्षीं त्या चिंचेवर कोणास चढूं द्यावयाचें नाहीं, शेंगा खालूनच लांब बांबूनें झोडाव्या, आणि जड फांदी हलकी करण्याची रीतसर परवानगी मागावी, असें तेथल्या तेथें ठरलें. मक्त्यांत थोडी तूट आली. ती त्यानें निमूटपणें सोसली.

परंतु मोगरी जें सांगूं शकत नाहीं, तेंही त्याच दिवशीं आम्हांस जाणवलें. पोकळी आहे हें कळलें. ती किती आहे, व भोंवतीं धड लाकूड किती उरलें आहे, हें कळलें नाहीं. जाड भिंतीच्या आड दडलेली पोकळी तर मोगरीस अनेकदां मुळींच सांपडत नाहीं. यासाठीं यंत्र लागतें.

४. यंत्राचें तत्त्व व हिशेब

तत्त्व अगदीं साधें आहे. खोडावर एका बाजूस हातोडीचा ठोका दिला कीं त्याची लहर लाकडांतून पलीकडे पोहोंचते. ती किती वेळांत पोहोंचली हें मोजावें, आणि अंतरास वेळेनें भागावें. येतो तो लहरीचा वेग. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. लाकडांत तो पुष्कळ जलद जातो : धाग्यांच्या दिशेनें, म्हणजे खोडाच्या लांबीनें, साधारणपणें ३,५०० ते ५,००० मीटर, आणि धाग्यांस आडवा, म्हणजे सालीकडून गाभ्याकडे, साधारणपणें १,००० ते २,००० मीटर. निरनिराळ्या जातींत हा आंकडा निरनिराळा येतो.

वेग मुख्यतः लाकडाच्या ताठपणावर अवलंबून असतो. ताठपणास घनतेनें भागून येणाऱ्या संख्येचें वर्गमूळ म्हणजे वेग. लाकूड कुजूं लागलें म्हणजे वजन फारसें घटण्यापूर्वींच ताठपणा घटतो, म्हणून लहर मंदावते. पुढें पोकळी झाली कीं लहरीस सरळ वाटच राहत नाहीं; ती पोकळीस वळसा घालून जाते व उशिरां पोहोंचते. दोन्ही प्रसंगीं वेळ वाढतो, आणि हा वाढलेला वेळ हीच आपली साक्ष.

हा वेळ फार सूक्ष्म असल्यामुळें तो मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत मोजतात. साध्या यंत्रास दोन ध्वनिग्राहक असतात. प्रत्येकास एक खिळा असतो. तो सालीच्या पार जाऊन लाकडास भिडेल इतकाच आंत बसवितात. एका ग्राहकावर लहान हातोडीनें ठोका देतांच घड्याळ चालू होतें, व दुसऱ्यापाशीं लहर पोहोंचतांच बंद होतें. प्रत्येक जागीं तीन ते पांच ठोके देऊन सरासरी घ्यावी. अंतर मोजतांना घेरावरून अदमास करण्यापेक्षां खोडाच्या दोन बाजूंस दोन सरळ काठ्या उभ्या धरून त्यांमधील अंतर मोजावें, कारण आपलीं झाडें क्वचितच गोल असतात.

एक हिशेब करून पाहूं. समजा, खोडाची रुंदी ७० सेंटिमीटर आहे, व त्याच जातीच्या धड झाडांत आडवा वेग सेकंदास १,४०० मीटर आढळतो. तर लहरीस पलीकडे जाण्यास ५०० मायक्रोसेकंद लागावे. आतां खोडाच्या मध्यभागीं ४० सेंटिमीटर रुंदीची पोकळी आहे असें समजा. लहरीस पोकळीच्या कांठानें सुमारें ८२ सेंटिमीटर वाट चालावी लागेल, व वेळ सुमारें ५८५ मायक्रोसेकंद येईल. पोकळी ५६ सेंटिमीटर असेल, तर वाट सुमारें ९४ सेंटिमीटर होऊन वेळ सुमारें ६७० मायक्रोसेकंदांवर जाईल. प्रत्यक्षांत वळणाच्या वाटेवर वेग थोडा कमी असतो, म्हणून आंकडा याहून कांहींसा अधिकच येतो.

५. अनेक ग्राहकांचें यंत्र

दोन ग्राहकांनीं एका रेषेचीच हकीकत कळते. १९९० नंतरच्या दशकांत जर्मनी व हंगेरी या देशांत अनेक ग्राहकांचीं यंत्रें तयार झालीं. पिकस, आर्बोटॉम, फाकोप हीं नांवें या धंद्यांतील लोकांस परिचित आहेत. यांत खोडाभोंवतीं एकाच उंचीवर आठ, दहा, बारा असे ग्राहक बसवितात. पहिल्यावर ठोका दिला कीं उरलेल्या सर्वांवर लहर केव्हां पोहोंचली याची नोंद होते. मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, अशी पूर्ण फेरी करितात. बारा ग्राहक असतील तर खोड सहासष्ट रेषांनीं चिरल्यासारखें तपासलें जातें. या सर्व नोंदींवरून संगणक खोडाच्या आडव्या छेदाचें रंगीत चित्र काढतो. जेथून लहर वेगानें गेली तो भाग एका रंगांत, जेथें रेंगाळली तो दुसऱ्या रंगांत, असें तें चित्र असतें. रुग्णालयांत शरीर न कापतां आंतील चित्र काढतात, त्याच जातीचें हें काम समजावें.

६. किती पोकळी धोक्याची?

येथें वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें, कारण पुष्कळ निरपराध झाडें याच अज्ञानानें तोडलीं जातात. पोकळ झाड म्हणजे पडाऊ झाड, ही समजूत खरी नाहीं. वाऱ्यानें खोड वांकतें तेव्हां सर्वांत अधिक ताण बाहेरच्या लाकडावर येतो. मध्यावर तो जवळ जवळ नसतो. पोकळ बांबू वादळांत टिकतो, त्याचें एक कारण हेंच. मध्यावर गोल पोकळी असेल तर वांकण्याविरुद्ध जो बळकटपणा जातो, तो पोकळीची रुंदी व खोडाची रुंदी यांच्या गुणोत्तराच्या चौथ्या घाताइतका असतो.

वरचीच उदाहरणें घेऊं. ७० सेंटिमीटरांच्या खोडांत ४० सेंटिमीटरांची पोकळी ऐकूनच मनुष्य घाबरतो. परंतु तिच्यामुळें बळकटपणा केवळ शेंकडा ११ च्या सुमारास घटतो. पोकळी ५६ सेंटिमीटर झाली कीं घट शेंकडा ४१ होते. आणि ६३ सेंटिमीटर झाली तर शेंकडा ६६. म्हणजे आरंभीं झाड पुष्कळ सोसतें, परंतु एका मर्यादेनंतर थोडी वाढलेली कूजही घातक ठरते.

ती मर्यादा कोठें धरावी? जर्मन संशोधक क्लाउस माथेक यांनीं पडलेल्या व उभ्या अशा पुष्कळ झाडांचीं मापें घेऊन एक ढोबळ नियम सांगितला : खोडाच्या त्रिज्येच्या निदान तीन दशांश इतकी धड भिंत सभोंवार असावी. ७० सेंटिमीटरांच्या खोडाची त्रिज्या ३५. तिचे तीन दशांश म्हणजे साडेदहा सेंटिमीटर. पहिल्या उदाहरणांत भिंत १५ सेंटिमीटर उरते, तें झाड ठेवावें व त्यावर नजर ठेवावी. दुसऱ्यांत ती ७ सेंटिमीटर उरते. तेथें उपाय केलाच पाहिजे. या नियमावर तज्ज्ञांत वाद आहेत, व भिंत एका बाजूनें फुटलेली असेल, झाड कललेलें असेल किंवा शेंडा फार जड असेल तर तो तसाच लावतां येत नाहीं. तरी आंधळेपणानें तोडण्यापेक्षां वा आंधळेपणानें राखण्यापेक्षां तो कितीतरी बरा.

७. यंत्राच्या मर्यादा

यंत्र खोटें बोलत नाहीं, पण त्याची भाषा समजून घ्यावी लागते. आंत केवळ एक चीर असली तरी लहरीस वळसा पडतो, आणि चित्रांत मोठी पोकळी असल्याचा भास होतो. पारंब्या एकमेकींस चिकटून झालेल्या वडाच्या खोडांत साल आंत कोंडलेली असते. तेथेंही असाच भास होतो. उलटपक्षीं, कूज अगदीं आरंभींची असेल तर ती चित्रांत येत नाहीं. नारळ-ताडाच्या जातींचें लाकूड निराळ्या रचनेचें असल्यामुळें हे आंकडे त्यांस लावूं नयेत. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, खोडावर लावलेलें यंत्र जमिनीखालील मुळांची हकीकत सांगत नाहीं. पुष्कळ झाडें खोडांत मोडत नाहींत, मुळांसकट उपटतात. रस्त्यासाठीं वा नळासाठीं एका बाजूचीं मुळें तोडलीं असतील, तर खोडाचें चित्र कितीही चांगलें असो, त्या झाडाचा विश्वास धरूं नये.

यासाठीं चित्रांत शंका आली तेथें दुसरी परीक्षा करावी. लोखंडाची अतिशय बारीक सळई फिरवीत लाकडांत घालणारें एक यंत्र असतें. सळईस किती विरोध होतो याचा तें आलेख काढतें. गिरमिटानें लाकूड पोखरतांना हातास जें कळतें, तेंच हें यंत्र कागदावर उतरवितें. मात्र त्यानें झाडास लहानशी जखम होतेच, म्हणून तें आधीं नव्हे, ध्वनिपरीक्षेनंतर व मोजक्याच जागीं वापरावें.

८. निकाल लागल्यावर काय करावें?

परीक्षा करून स्वस्थ बसण्यांत अर्थ नाहीं. आमची शिफारस पुढीलप्रमाणें आहे :

(१) भिंत पुरेशी असेल तर झाड राखावें. मापें, तारीख व ठोक्यांचे आंकडे वहींत लिहून ठेवावे, आणि दोन-तीन वर्षांनीं त्याच जागीं पुन्हां मोजावें. आंकडा वाढला कीं कूज वाढते आहे असें समजावें.

(२) भिंत अपुरी पण झाड जपण्याजोगें असेल, तर शेंडा व जड फांद्या हलक्या कराव्या. फांदी तोडतांना खोडास लागून सपाट कापूं नये. फांदीच्या मुळाशीं जें फुगीर कडें असतें, त्याच्या बाहेरून कापावी, म्हणजे झाडास भिंत घालणें सुकर जातें.

(३) ढोलींत सिमेंट, विटा अथवा डांबर भरूं नये. खोड डुलतें, सिमेंट डुलत नाहीं. दोहोंच्या फटींत पाणी सांचून कूज वाढते. ढोली आंतून खरवडून 'स्वच्छ' करणें हें झाडानें घातलेली भिंत फोडणें होय.

(४) झाड राखलें तरी त्याच्याखालीं पत्र्याचें छप्पर, दुकान अथवा जेवणावळीचा मांडव घालूं नये. बसण्याची जागा दुसरीकडे नेणें हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

(५) तोडणें अपरिहार्यच झालें, तर रीतसर परवानगी घ्यावी. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ अन्वयें चिंच, आंबा, जांभूळ, मोह इत्यादि झाडें मालकाच्या शेतांत असलीं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. मोठी छाटणी करण्यापूर्वींही विचारून घेणें शहाणपणाचें. अर्जास मापांचा कागद जोडला, तर अधिकाऱ्यासही निर्णय करणें सोपें जातें.

वडाची गोष्ट थोडी निराळी आहे. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पति-उद्यानांतील प्रख्यात वटवृक्षास १८६४ व १८६७ च्या चक्रीवादळांनीं जखमा झाल्या, त्यांतून बुरशी शिरली, आणि अखेर १९२५ सालीं त्याचें मूळ खोड काढून टाकावें लागलें. तरीही तो वृक्ष आपल्या पारंब्यांवर आजतागायत उभा आहे. याचा धडा असा कीं, वडाचें खोड पोकळ आढळलें तर लगेच निराश न होतां त्याच्या पारंब्या जमिनीस पोहोंचवाव्या. उभा चिरलेला पोकळ बांबू माती-खतानें भरून पारंबीभोंवतीं बांधला व ओला ठेवला, म्हणजे ती सुरक्षितपणें खालीं उतरते. आपल्याकडे पारंब्या झोक्यासाठीं ओरबाडतात व रस्त्यास आडव्या येतात म्हणून छाटतात. तें बंद झालें पाहिजे.

समारोप

अनेक ग्राहकांच्या यंत्राची किंमत लाखांच्या घरांत जाते, व एकट्या शेतकऱ्यानें तें घ्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जें एकट्यास झेपत नाहीं, तें संघास झेपतें. तालुक्यांतील संघांनीं, देवस्थानांनीं व ग्रामपंचायतींनीं मिळून एक यंत्र घ्यावें, दोन तरुणांस तें चालविण्याचें शिक्षण द्यावें, आणि दर वर्षीं पौष-माघांत, म्हणजे चिंचा झोडण्यापूर्वीं व वळवाच्या वादळांपूर्वीं, गर्दीच्या जागांवरील झाडें क्रमानें तपासावीं. नारायणगडासारख्या क्षेत्राच्या वाटेवरील, शाळेच्या आवारांतील व आठवडी बाजारांतील झाडांपासून आरंभ करावा. यंत्र येईतों मोगरी, खडू, कामटी व वही यांस पैसा लागत नाहीं. तेवढ्यानेंही अर्धें काम होतें.

बीडजवळ पालवण येथें २०२० च्या फेब्रुवारींत वृक्षसंमेलन भरलें, तेव्हां अध्यक्षस्थानाचा मान एका वडास देण्यांत आला होता. झाडास एवढा मान देणाऱ्या जिल्ह्यांत त्याची प्रकृति विचारण्याचीही चाल पडावी, ही आमची इच्छा आहे. त्या वृद्ध शेतकऱ्याची चिंच हे शब्द लिहीत असतां बांधावर उभीच आहे. तिच्याखालीं आतां खाट टाकीत नाहींत, तिच्यावर कोणी चढत नाहीं, आणि तिच्या पश्चिमेच्या अंगावरील खडूच्या खुणा पावसानें पुसल्या तेव्हां मालकानें त्या स्वतः पुन्हां काढल्या. वाचकांपैकीं प्रत्येकानें आपल्या बांधावरील एक जुनें झाड या हंगामांत वाजवून पाहावें, व काय आढळलें तें आम्हांस अवश्य कळवावें.